ट्रंकेतल्या तीन संगिनी



यंदाच्या स्मरणिकेसाठी 'काहीतरी लिहाच' असा आग्रह आपल्या संपादक मंडळाने केला. मी लेखक नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो, आणि वीसएक वर्षे लमडिंग विभागात पी-वेची नोकरी करतो आहे. रूळ, स्लीपर, खडी आणि पावसाळ्यात घसरणारे डोंगर एवढेच माझे विश्व. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात एक प्रसंग घडला आणि त्या निमित्ताने मला इतिहासाची थोडी चाळवाचाळव करावी लागली. तीच हकिकत लिहितो. यात आपल्या आसामच्या रेल्वेचाही संबंध आला आहे, म्हणून आपणा सर्वांना ती आपलीशी वाटेल अशी आशा आहे.

सातारा जिल्ह्यात आमचे गाव. पणजोबा पहिल्या महायुद्धात आणि आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. आजोबा हवालदार म्हणून निवृत्त झाले. आमच्या भागात दर दोन घरांआड अशी एक हकिकत सापडते, त्यामुळे यात मिरवण्यासारखे काही नाही. आजोबांची लोखंडी ट्रंक थोरल्या काकांकडे असे. दसऱ्याला ती उघडायची, तीन संगिनी बाहेर काढायच्या, राख-लिंबाने घासून लखलखीत करायच्या, झेंडूची फुले वाहायची आणि पुन्हा ट्रंकेत ठेवायच्या. या वेळी वडील पणजोबांची गोष्ट सांगत. पणजोबा कूटच्या वेढ्यात होते, घोड्याचे मांस खायला नको म्हणून उपाशी राहिले, तुर्कांच्या कैदेत गेले आणि तरी परत आले. 'ही त्यांची संगीन, १९०७ सालची,' असे म्हणून वडील सर्वांत लांब संगिनीवर हात ठेवत. लहानपणी माझ्या अंगावर काटा येई.

दोन वर्षांपूर्वी थोरले काका गेले. तेराव्यानंतर वाटणीचे बोलणे निघाले, ट्रंक आमच्या वाट्याला आली. ती उघडली तेव्हा एक चुलतभाऊ सहज बोलून गेला, "सरकारी माल आहे हा. म्हाताऱ्यानं पलटणीतून उचलून आणला असणार. पोलिसांनी बघितलं तर आपणच आत. भंगारात द्या."

तो काही वाईट मनाने बोलला नाही. पण माझ्या वडिलांचा चेहरा उतरला. आजोबांची शेतीवाडी फार नव्हती. 'हवालदाराचा शब्द' हीच त्यांची इस्टेट होती. भावकीत चोरीचा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला, आणि खरे सांगायचे तर त्यात तथ्य नसेल असे मलाही छातीठोकपणे म्हणता येईना. शिपायाची संगीन सरकारी मालमत्ता असते. नोकरी संपली की बंदुकीबरोबर ती जमा करावी लागते. हरवली तर शिक्षा होते. मग आमच्या ट्रंकेत तीन आल्या कशा?

रुळासारखेच वाचायचे

रजा संपायला सहा दिवस होते. मी ठरवले, की या तिघींची आपल्या पद्धतीने तपासणी करायची.

आपल्यातले जे रुळांवर काम करतात त्यांना माहीत आहे, की रुळाच्या पोटावर त्याची जन्मपत्रिका उमटवलेली असते. कोणत्या कारखान्यात, कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी रूळ बनवला, त्याचा छेद कोणता, हे सगळे तिथे असते. नवखा मुलगा हमखास गोंधळतो आणि छेदाचा आकडा हेच वर्ष समजतो. संगिनीचेही तसेच निघाले. मुठीजवळ पात्याचा जो सपाट भाग असतो, तिथे दोन्ही बाजूंना बारीक शिक्के असतात. तेच वाचायचे.

त्यासाठी साधने घरगुती पुरली. शिवणयंत्राचे तेल, जुने सुती फडके, बॅटरी, पातळ कागद आणि मऊ पेन्सिल. तेलाने मळ सुटतो. बॅटरीचा उजेड समोरून न टाकता बाजूने तिरपा टाकला, की झिजलेला शिक्काही सावलीने उठून दिसतो. वर कागद ठेवून पेन्सिल घासली, की त्याची नक्कल हाती येते. लिंबू, चिंच, पॉलिश पेपर मात्र अजिबात लावू नये. दरवर्षीच्या आमच्या राख-लिंबाने निम्मी अक्षरे खाऊन टाकली होती! तसेच ठेवताना चामड्याच्या म्यानात ठेवू नये, चामडे ओल धरते आणि पाते आतून गंजते.

पहिली : लांबडी

पाते १७ इंच, मुठीसकट सुमारे पावणेबावीस इंच. मुठीला लाकडी पट्ट्या. एका बाजूला राजमुकुट, त्याखाली 'जी. आर.' म्हणजे जॉर्ज रेक्स, त्याखाली १९०७. याच आकड्यावर आमच्या घराण्याची गोष्ट उभी होती. पण १९०७ हे बनवण्याचे साल नव्हे, ते नमुन्याचे नाव! ब्रिटिशांनी आखूड ली-एनफिल्ड रायफलसाठी १९०७ साली जो नमुना मंजूर केला, त्या नमुन्याच्या प्रत्येक संगिनीवर तो आकडा येतो. बनवल्याचा महिना आणि वर्ष त्याखाली वेगळे असते. आमच्या संगिनीवर ते होते ३, आणि पुढे १८. म्हणजे मार्च १९१८. त्याखाली 'सँडरसन', ही इंग्लंडातल्या शेफिल्डची कंपनी.

शिक्क्यावर विश्वास बसेना म्हणून इतर खुणा पाहिल्या. या नमुन्याच्या सुरुवातीच्या संगिनींच्या परजेला खाली वळलेला आकडा असे; तो १९१३ पासून बंद झाला. आमच्या संगिनीला आकडा नाही. मुठीच्या टोकाशी चिखल-माती निघून जावी म्हणून एक आरपार भोक असते, ते १९१६ पासून पाडू लागले. आमच्या संगिनीला भोक आहे. तिन्ही साक्षी जुळल्या.

आता कूटचा हिशेब पाहा. आजच्या इराकमध्ये टायग्रिस नदीच्या वळणावर कूट-अल-अमारा हे गाव आहे. तिथे जनरल टाउनशेंडच्या फौजेला तुर्कांनी डिसेंबर १९१५ मध्ये वेढले. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. अन्न संपले तेव्हा घोडे मारून खाल्ले गेले, आणि धर्माच्या कारणाने कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस नाकारले, हेही खरे. पण मार्च १९१८ मध्ये शेफिल्डला घडलेली संगीन एप्रिल १९१६ मध्ये कूटला असू शकत नाही. इथे वादाला जागाच नाही.

मग पणजोबा तरी तिथे होते का? ट्रंकेच्या तळाशी एका चिंधीत चांदीचे पदक होते. एका बाजूला राजाचे डोके, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४-१९१८. हे ब्रिटिश वॉर मेडल. लाखो लोकांना मिळालेले, त्यामुळे एरवी त्याचे कोणी फार कौतुक करत नाही. पण त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंगातून पाहिले. पणजोबांचे नाव, आणि पुढे '११४ मराठाज'.

११४ वी पलटण कूटच्या वेढ्यात नव्हती. ती मेसोपोटेमियात नंतर लढली, आणि युद्धाच्या अगदी शेवटी, ऑक्टोबर १९१८ मध्ये, मोसुलच्या दक्षिणेला शरकत येथे तिने मोठा पराक्रम केला. तिथली तुर्की फौज ३० ऑक्टोबरला शरण आली. म्हणजे आमचे पणजोबा शरण जाणाऱ्यांत नव्हते, तर ज्यांच्यापुढे शत्रू शरण आला त्या पलटणीतले होते.

पण लांबडीने मला सर्वांत मोठा दिलासा दिला तो दुसऱ्या बाजूने. तिथे तपासनिसांचे मुकुट-आकडे होते, पाते वाकवून पाहिल्याची 'एक्स' अशी खूण होती आणि सरकारी मालकीचा बाणही होता. त्या बाणाशेजारी आणखी एक जागा झिजून गुळगुळीत झाली होती. पेन्सिल घासली तेव्हा कागदावर दोन बाण उमटले, टोकाला टोक लावून समोरासमोर उभे. ब्रिटिश शस्त्रांवरच्या या खुणेचा अर्थ, सरकारने ही वस्तू रीतसर विकून टाकली. आपल्याकडे भंगार म्हणून काढलेल्या रुळाला रंगाचा पट्टा मारतात तसेच. म्हणजे लांबडी चोरीची नव्हती. पणजोबांनी ती खांद्यावर वाहिली असेल असेही आता म्हणता येत नाही. बहुधा कोणत्या तरी लिलावाच्या वाटेने ती आमच्याकडे आली. पण ती स्वच्छ होती.

तिसरी : आकडेवाली

मधली बाजूला ठेवून आधी तिसरीचे सांगतो. हिच्या परजेला खाली वळलेला आकडा. गावात कोणी हिला शिवकालीन म्हणे, कोणी टिपूची. पाते मोजले तर ४० सेंटिमीटर, सुमारे पावणेसोळा इंच. मुठीजवळ राजमुकुट नाही की इंग्रजी अक्षर नाही. फक्त तोफगोळे रचून ठेवावेत तशी एकमेकांत गुंतलेली वर्तुळे. हे टोकियोच्या आणि नंतर कोकुरा येथील जपानी शस्त्रागाराचे चिन्ह. संगीन जपानी, 'टाइप ३०'. हा ३० म्हणजे मेइजी बादशहाच्या राजवटीचे तिसावे वर्ष, १८९७. इथेही आकडा नमुन्याचाच!

गंमत अशी, की ब्रिटिशांनी आपला १९०७ चा नमुना बेतला तो याच जपानी संगिनीवरून. सुरुवातीचा तो आकडाही तिकडूनच आलेला. म्हणजे आमच्या ट्रंकेतली लांबडी आणि आकडेवाली या नात्याने बहिणी लागतात, आणि १९४४ साली त्या आपल्या ईशान्येच्या डोंगरांत एकमेकींसमोर उभ्या राहिल्या.

आजोबांच्या डिस्चार्जच्या कागदावर पलटण स्पष्ट आहे : पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन. मार्च १९४४ मध्ये जपानी फौज चिंदविन ओलांडून आली, तेव्हा ही बटालियन उखरूलजवळच्या सांगशाक या नागा गावात ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर अडकली. पाणी नाही, दारूगोळा संपत आलेला, विमानातून टाकलेले सामान बरेचसे जपान्यांच्या हद्दीत पडे. २६ मार्चच्या रात्री उरलेले लोक जंगलातून इम्फाळकडे निसटले. पण कोहिमाकडे निघालेल्या जपान्यांचे तिथे जे दिवस खर्ची पडले, ते पुढे फार मोलाचे ठरले. सांगशाकहून निघालेली माणसे जीव घेऊन निघाली होती. कोणाची संगीन बरोबर घेण्याची ती वेळ नव्हे. त्यामुळे आकडेवाली तिथली नसून, जुलैपर्यंत चाललेल्या इम्फाळच्या लढाईत पुढे कधीतरी हाती लागली असावी असे मला वाटते. काही असो, जपानी संगीन ही आपल्या सरकारची चोरी होऊ शकत नाही.

हे वाचत बसलो असताना माझ्या लक्षात आले, की इम्फाळ-कोहिमाच्या फौजेचे रेल्वेचे शेवटचे ठाणे म्हणजे दिमापूर, तेव्हाचे मणिपूर रोड स्टेशन. मीटरगेज लाइन, बंगाल अँड आसाम रेल्वेची. भार इतका वाढला, की १ मार्च १९४४ पासून अमेरिकन सैन्याच्या रेल्वे पलटणींनी ती चालवायला घेतली. लमडिंगहून दिमापूरला जाणारी ती वाट मी गेली कित्येक वर्षे ट्रॉलीवरून तपासतो आहे. गेज बदलले, रूळ बदलले, पूल बदलले. वाट तीच. आजोबा आसामबद्दल एकच वाक्य बोलत, "पाऊस लई." मी इथे बदलून आलो तेव्हा ते हयात नव्हते.

मधली : आखूड

आता मधली. पाते फक्त १२ इंच, त्याला लांबडीसारखी खोबण नाही, काम ओबडधोबड. दुसऱ्या महायुद्धात १७ इंची पाते जंगलात आणि मोटारीत अडचणीचे वाटू लागले, म्हणून हिंदुस्थानात ते आखूड केले गेले. बंगालातल्या इशापूर रायफल फॅक्टरीत अशा संगिनी बनत, त्यांवर 'आर. एफ. आय.' असते. मी तेच शोधत होतो. मुकुट सापडला, 'जी. आर. आय.' सापडले, ४३ सापडले. आणि कारखान्याच्या जागी तीन अक्षरे : एन. डब्ल्यू. आर.

माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. ही अक्षरे मी जुन्या पुस्तकांत शेकडो वेळा पाहिली होती. संगिनींचे जाणकार या शिक्क्याचा अर्थ तोच लावतात, जो आपल्यापैकी कोणीही लावेल : नॉर्थ वेस्टर्न रेल्वे. फाळणीपूर्वीची, लाहोरची. युद्धकाळात आपल्या रेल्वे वर्कशॉपांना डबे-इंजिनांबरोबर लढाईचे सामानही बनवावे लागले, त्यातलेच हे एक. मुघलपुऱ्याच्या त्या प्रचंड वर्कशॉपांची रेल्वे, आणि तिचा शिक्का आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत. आनंदाने मी भावाला हाक मारली.

पण मग दुसरी बाजू पाहिली, आणि आनंद ओसरला. समोरासमोरचे दोन बाण तिथे नव्हते. पुन्हा तेल लावले, पुन्हा उजेड टाकला, चार वेळा कागद घासला. नाहीत. साल ४३, आजोबा तेव्हा नोकरीत, त्यांच्या रायफलला बसणारी संगीन. चुलतभावाचे म्हणणे नेमके हिलाच लागू पडत होते.

रात्रभर मला झोप नाही. दोन संगिनींचा पुरावा सांगावा आणि तिसरीबद्दल गप्प बसावे, कोण विचारणार आहे, असेही मनात आले. पण रुळाची तपासणी करताना दोन जोड चांगले निघाले म्हणून तिसरा न पाहता सही करत नाही आपण. सकाळी ओसरीवर सगळ्यांना बसवले, चुलतभावालाही बोलावले, आणि जे निघाले ते निघाले तसे सांगितले. कूटची गोष्ट खोटी निघाल्याचे सांगताना मी वडिलांकडे बघत नव्हतो.

वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे म्हातारा उपाशी नाही राहिला. बरं झालं. मला लहानपणापासून त्याचं वाईट वाटायचं."

मग मी मधली पुढे केली आणि म्हणालो, "हिचं मात्र सांगता येत नाही."

चुलतभाऊ काही बोलणार, तेवढ्यात आतून काकू आल्या. वय ऐंशीच्या वर, कानाला कमी ऐकू येते. संगीन हातात घेऊन म्हणाल्या, "आरं, ही व्हय? ही तुझ्या काकांनी पुण्याच्या जुन्या बाजारातनं आणली हुती. नारळ सोलायला. सात रुपये दिलं म्हणून मी चार दिवस बोलले न्हाई त्यांच्याशी. मग दसऱ्याला बाकीच्या दोघींसंगं ठिवायला लागले."

ओसरीवर जो हशा पिकला तो शेजारपर्यंत ऐकू गेला. चुलतभावाने काकूंच्या पाया पडून घेतले, वडिलांच्याही पडला. आणि मी मनात शरमलो. सहा दिवस भिंग घेऊन लोखंडाला प्रश्न विचारत होतो, आणि जिला माहीत होते ती आत स्वयंपाकघरात होती. तिला कोणी विचारलेच नव्हते.

पुढे काय

आता व्यवहाराचे दोन शब्द, कारण आपल्यापैकी अनेकांच्या गावी अशा ट्रंका आहेत. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब पात्याची धारदार शस्त्रे येतात, त्यात संगीनही येते. काही अधिसूचित भागांत त्यांना परवाना लागतो. तेव्हा वारशात असे काही मिळाले तर लपवू नये, भंगारात देऊ नये आणि प्रवासात तर मुळीच नेऊ नये. फोटो, मापे आणि शिक्क्यांच्या नकला जोडून आपल्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा. माझ्या भावाने तसा दिला आहे. जपानी संगीन बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्राच्या संग्रहालयाने घ्यावी म्हणून वडिलांनी पत्र लिहिले आहे. उरलेल्या दोघींचे कायद्याने जे ठरेल ते.

पेन्सिलीच्या नकला मात्र मी इकडे आणल्या आहेत. क्वार्टरच्या भिंतीवर दोन लावल्या, एक पणजोबांच्या पदकाच्या कडेची आणि दुसरी त्या तीन अक्षरांची. आमच्या गँगमधला एक म्हातारा ट्रॅकमन परवा बघून म्हणाला, "साहेब, ये तो रेलवे का मार्का है." मी म्हटले, "हो, आणि याने आमच्याकडे चाळीस वर्षे नारळ सोलले."

आपल्या घरी कोणाच्या आजोबांची ट्रंक असेल, तर शिक्के जरूर वाचा. पण त्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. शिक्के पुढच्या वर्षीही तिथेच असतील.

चूकभूल द्यावी घ्यावी. गणपती बाप्पा मोरया!